लोकर रात्रीत बसते

आमच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आले. विणकाम वेडंवाकडं दिसतंय म्हणून रडत येऊ नका. सुयांसकट टोपलीत ठेवा, झोपा, सकाळी बघा. लोकर रात्रीत बसते. ढिला टाका जरा आवळतो, घट्ट टाका जरा सैल होतो, एकमेकांना सांभाळून घेतात बिचारे. बायका दुसऱ्या दिवशी हसत यायच्या. त्यात थोडं खरं होतं, बाकी सगळा धीर होता. पण मी ते इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मलाच ते पटलं. हे आधी सांगून ठेवते, कारण माझ्या डोळ्यांत जी धूळ फेकली गेली ती माझ्याच दुकानातली होती.

उन्हाळ्यात माझा उजवा हात गेला. म्हणजे जागेवर आहे, पण ऐकत नाही. एका सकाळी चहाचा कप निसटला, तोंड वाकडं झालं, पळापळ झाली. तोंड लवकर सरळ झालं. मुलगा म्हणतो, जीभ तर एक दिवसही बंद नव्हती. बोटं मात्र रुसली ती रुसलीच. डॉक्टर म्हणाले, हलवत राहा, नाहीतर आहे तेवढंही जाईल.

आम्ही दुकानाच्या वरच राहतो. खाली अरुंद दुकान, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खण, खणांत रंगारंगांची लोकर. मागे एक लांब टेबल. पुढे खिडकी, आणि खिडकीत माझी खुर्ची. पानगळ लागली की त्या टेबलावर विणकामाची शिकवणी भरते. कुणी टोपी घेते, कुणी मफलर, जरा हिमतीची असेल तर मोजे. आणि जी शिकवणार तिने स्वतः विणलेला नमुना आधी खिडकीत लागतो, हा आमच्या दुकानाचा नेम. जिचा नमुना खिडकीत, तिची शिकवणी. हा नेम माझाच. आजवर खिडकीत माझ्याशिवाय कुणाचा नमुना लागला नव्हता.

या वर्षी मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, शिकवणी सुरू व्हायच्या आत स्वेटरची पाठ विणून खिडकीत लावेन. नाही जमलं तर शिकवणी सूनबाईची, आणि मी वर जाऊन भिंतीकडे बघत बसेन. कुणी बस म्हटलं नव्हतं. पण मला अर्धवट काही जमत नाही. त्या टेबलाच्या टोकाशी बसायचं नसेल, तर दुकानात पाऊलच कशाला ठेवायचं?

विटकरी लोकर काढली, जाड सुया घेतल्या. पहिले काही दिवस जे विणलं त्याला विणकाम म्हणणं म्हणजे विणकामाचा अपमान. एक टाका गळा आवळल्यासारखा घट्ट, दुसऱ्यातून अंगठा जाईल. मी सुया भिरकावल्या. त्या कचऱ्याच्या डब्यात पडल्या, याचंही मला वाईट वाटलं, कारण नेम डब्यावर नव्हता, भिंतीवर होता.

सूनबाईने सुया पुसून आणल्या. शांत मुलगी आहे. इतकी शांत की कधी कधी तिलाच चिमटा काढून बघावंसं वाटतं. म्हणाली, "आई, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, लोकर रात्रीत बसते? ठेवा टोपलीत. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी बघितलं तर खरंच बसली होती. अगदी सरळ नाही, पण बसली होती. मला हुरूप आला. मग रोज तसंच. संध्याकाळी वेडंवाकडं, सकाळी नीट. मी स्वतःला समजावलं, संध्याकाळी उजेड कमी असतो, हात दमलेला असतो, डोळेही आता तसलेच. कौतुकाला तर ऊत आला. मुलगा येता-जाता "वा आई" म्हणायचा. शेजारच्या मास्तरीणबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या आणि दरवर्षी तोच एक मफलर विणणाऱ्या, खिडकीबाहेरून टाळ्या वाजवायच्या. मी मान वर करून बसायचे. आता आठवलं की कानशिलं तापतात.

शिकवणीच्या आदल्या संध्याकाळी पाठ जवळजवळ पुरी झाली होती. शेवटच्या ओळींत एक टाका सुईवरून निसटला. निसटलेला टाका शिडीसारखा खाली खाली उतरत जातो, म्हणून मी त्याला सेफ्टी पिन लावून ठेवली. म्हटलं, सकाळी ताज्या हाताने उचलू. टोपलीत ठेवून वर गेले.

सकाळी बघते तर शिडी गायब. टाका आपल्या जागी, शहाण्यासारखा. पिन टोपलीच्या तळाशी, मिटलेली.

लोकर बसत असेल. पण सेफ्टी पिन काही आपणहून उघडून, पुन्हा मिटून, टोपलीत जाऊन झोपत नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. एका क्षणात सगळं लख्ख दिसलं. रोजची संध्याकाळ, रोजची सकाळ, आणि मधे सूनबाई. तिचा हात माझ्यासारखाच चालतो, कारण तो मीच घडवलाय. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुई धरता येत नव्हती. म्हणून तर तिचे टाके मला माझे वाटले.

ती टेबलावर लोकरीचे गुंडे मांडत होती. मास्तरीणबाई वेळेच्या आधीच येऊन बसल्या होत्या, हातात तोच मफलर. मी खुर्चीतूनच ओरडले.

"इकडे ये. ही पिन कुणी काढली?"

तिचा चेहरा उतरला. "आई, नंतर बोलू या का?"

"आत्ता. रोज उसवून विणत होतीस ना?"

तिने हातातला गुंडा टेबलावर ठेवला.

"तोंड उघड. उसवत होतीस की नाही?"

"होते," ती म्हणाली.

"आणि तुझा नवरा? त्याला माहीत होतं?"

"त्यांनाही माहीत होतं."

मी मास्तरीणबाईंकडे बघितलं. त्या मफलरातले टाके मोजायला लागल्या. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत, आणि मी खिडकीत नवरीसारखी बसलेली.

"मला काय खुळी समजलात?" मी म्हणाले. "लहान मुलाला चित्र काढायला बसवायचं, मागून आपण रंगवायचं, आणि वर वा वा म्हणायचं! अगं, हात गेला माझा, अक्कल नाही गेली. मी टेबलाच्या टोकाशी बसून कुठल्या तोंडाने शिकवणार होते? तुझ्या तोंडाने?"

"आई, ऐका तरी..."

"खूप ऐकलं. हा नमुना तुझा. मी दुसऱ्याचा नमुना माझा म्हणून लावत नाही."

डाव्या हाताने मी सुई ओढून काढली. सगळे टाके एकदम मोकळे झाले. धागा धरला आणि ओढला. उसवण्याला चांगला हात लागत नाही, राग पुरतो. ओळीमागून ओळ सुटत गेली, विटकरी कुरळा धागा मांडीवर साचत गेला, आणि मला, खरं सांगते, फार बरं वाटत होतं. सूनबाई धावत आली, माझं मनगट धरलं. मी झटकलं.

"थांबा! आई, थांबा ना! वरचं तुमचं आहे!"

"खोटं बोलू नकोस."

"नाही हो!" आणि ती शांत मुलगी ओरडली. मी तिला तशी कधी ऐकली नव्हती. "सुरुवातीला उसवलं मी, हो, उसवलं! सुया फेकून दिल्यात, दोन घास धड खात नव्हतात, हात हलवत नव्हतात. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत, पण तुमच्यामागे काय म्हणाले ते मी ऐकलंय! हात चालू राहावा म्हणून केलं. मग तुमचं सुधारत गेलं. मी कमी कमी उसवायला लागले. वरच्या वीतभराला तर मी हातही लावला नाही. फक्त काल तो एक टाका निसटला होता तेवढा उचलला. सवय लागली होती. बाकी सगळं तुमचं होतं. टाके जरा सैल होते. मला वाटलं, तुम्हाला दिसेल."

मी हातातल्या तुकड्याकडे बघितलं. वरची वीतभर केव्हाच गेली होती. हातात उरलं होतं ते सरळ, सुबक, एकसारखं. तिचं.

मी बघितलंच नव्हतं. आयुष्यभर लोकांचे टाके लांबून ओळखले, सैल-घट्ट एका नजरेत सांगितलं, आणि स्वतःची वीतभर उसवताना एकदा खाली बघितलं नाही. ती परत कशी दिसणार होती? मांडीवर नुसता कुरळा धागा होता. त्यातला माझा कुठला हे देवालाही सांगता आलं नसतं.

राग गेला नाही. उलट दुप्पट झाला. फक्त आता तो कुणावर काढायचा हे कळेना. सूनबाई रडत होती आणि रडता रडता तो धागा गुंडाळत होती, कारण पसरलेली लोकर तिला बघवत नाही. तेही मीच शिकवलेलं.

"मला सांगायचं होतंस," मी म्हणाले.

"तुम्ही पुन्हा फेकलं असतंत."

फेकलं असतंच.

बाकीच्या बायका यायला लागल्या. टेबलाच्या टोकाची खुर्ची रिकामी होती. नेम म्हणजे नेम. मी सूनबाईला त्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बस तिथे. उरलेली ती पाठ खिडकीत लाव." ती नको नको म्हणाली. मी डोळे वटारले, तेव्हा बसली.

मी वर गेले नाही. मास्तरीणबाईंच्या शेजारी, शिकणाऱ्यांच्या बाकावर बसले, आणि गुंडाळलेल्या लोकरीतून नवे टाके घातले. दिवसभर विणलं. दिसायला भयंकर. उठताना टोपलीत ठेवलं आणि सूनबाईला म्हणाले, "याला हात लावलास तर याद राख."

"नाही लावणार," ती म्हणाली. या वेळी खरं बोलत होती.

सकाळी जिना उतरून, दिवाही न लावता आधी टोपली उघडली. एक टाका गळा आवळल्यासारखा, दुसऱ्यातून अंगठा जाईल. ठेवलं होतं तसंच्या तसं.

मी ते उजेडात धरून बघत होते तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. आपला मफलर पुढे करून म्हणाल्या, "काल जरा वाकडं गेलंय हो. आता तरी बसलं असेल ना?"

"नाही बसत," मी म्हणाले. "कुणीतरी बसवतं. आणा इकडे, दोघी मिळून उसवू."