उजवा खांदा

शिंपीणबाईंनी खुर्चीतून उठून पडद्यावरच्या मुलाच्या उजव्या खांद्यावर बोट ठेवलं.

"इथे बघा, साहेब. तोंडाकडे बघूच नका."

साहेबांनी चित्रफीत पुन्हा पहिल्यापासून लावली. मुलाला एका टेबलामागे बसवलं होतं. अंगात कुणाचा तरी ढगळ शर्ट, दाढी मात्र नुकती केलेली. आपल्याला इथे नीट वागवतात, पोटभर जेवायला मिळतं, हे युद्ध आपल्याच सरकारने ओढवून घेतलं, असं एकेक वाक्य जात्यातून पीठ पडावं तसं खाली पडत होतं. खांदा जागचा हलत नव्हता.

"हे त्याचं बोलणं नव्हे," बाई म्हणाल्या आणि सुनेशेजारी खाली बसल्या.

मुलगा शत्रूच्या हाती सापडला आणि मग हे बोलणं टीव्हीवर आलं, तेव्हा गल्लीचे दोन भाग झाले. छातीवर बंदूक रोखली की कुणीही काहीही बोलेल, असं काही जण म्हणत. बाकीचे म्हणत, गडी फितला. एका जुन्या गिऱ्हाइकाने शिवायला टाकलेलं कापड परत नेलं आणि जाता जाता म्हटलं, तब्येत बरीक सुधारलेली दिसते, पाहुणचार मानवला म्हणायचा. सुनेने दार लावून घेतलं. बाईंनी मशीनवरचं काम बाजूला सारलं, देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि या कचेरीची वाट धरली. तो सापडल्यापासून त्या एकदाच जेवत. तो घरी येऊन जेवेपर्यंत हा नेम मोडायचा नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

कैद्यांच्या अदलाबदलीच्या यादीसाठी साहेबांचा अभिप्राय लागत असे. ज्याच्याकडून जबरदस्तीने वदवून घेतलं त्याचं नाव यादीत राही. ज्याने आपखुशीने शस्त्र ठेवलं त्याचं बहुधा जाई. बाई इतके हेलपाटे घालत राहिल्या, की शेवटी साहेबांनी त्यांना बसवून घेऊन ऐकलं. तेव्हाच बाईंनी खांद्याची गोष्ट सांगितली होती.

लहानपणी मुलाचा, बाबूचा, शब्द घशात अडकायचा. पोरं म्हणायची, गाडी फाटकात अडकली. बाईंनी त्याला शिलाई मशीनशी बसवलं, त्याचा पाय आपल्या पायाशेजारी पायडलवर ठेवला आणि त्या ठेक्यावर बोलायला लावलं. शब्द सुटला. पुढे मशीन नसलं तरी बोलताना त्याचा पाय खाली चालत राही आणि वर उजवा खांदा हळूच उचलला जाई. पाठ केलेलं मात्र तो धडाधड म्हणून टाकी. त्याला ठेका लागत नसे.

"मला लग्नाचं विचारलं ना," सून तेव्हा मान खाली घालून म्हणाली होती, "तेव्हा खांदा असा उडत होता, की मला वाटलं याला मुंग्या चावतायत."

साहेब त्या दिवशी पहिल्यांदा हसले होते.

आज ते हसत नव्हते. आपल्याकडच्या टीव्हीवर तुकडे दाखवले होते, त्यांनी सांगितलं, आता सबंध चित्रफीत हाती आली आहे. तुमची खूण धरायची तर सगळं बघायला हवं. त्यांनी पुढचा भाग सुरू केला.

पडद्यावरचा बाबू थांबला. त्याने कुणाकडे तरी पाहिलं, मग टेबलाकडे.

"त्या घरात लहान मुलं होती," तो म्हणाला. "गोळ्या घालायचा हुकूम होता. मी बंदूक खाली ठेवली."

खांदा उचलला गेला आणि खाली आला. पुन्हा उचलला गेला.

सुनेने बाईंचा दंड घट्ट धरला. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"चित्र जरा थरथरतंय," ते म्हणाले. "शेवटचं स्पष्ट दिसत नाही, असं मी लिहू शकतो. सगळंच पढवलेलं ठरेल. नाव यादीत राहील."

"नाहीच दिसलं काही," सून घाईने म्हणाली.

बाईंनी तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला. हात मांडीवर ठेवून, देवापुढे बसावं तशा बसून त्यांनी तो पाहिला.

"हे त्याचं आहे."

"आई, नका ना." सुनेचा आवाज फुटला. "तो आधी घरी येऊ दे."

बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला, पण बोलल्या साहेबांशी.

"तो येईल तेव्हा हेच सांगेल, साहेब. त्याचं तोंड मी उघडलंय, मला माहीत आहे. आज तुम्ही हे खोटं म्हणून लिहिलंत, तर तेव्हा त्याचं कोण ऐकेल? खांदा हलला नाही तेव्हा तुम्ही माझं ऐकलंत. हलला तेव्हाही ऐका."

साहेबांनी कागद पुढे ओढला. बंदूक स्वतःहून ठेवल्याचं वाक्य आईने मुलाचं म्हणून ओळखलं, असं पुटपुटत त्यांनी लिहिलं आणि सहीसाठी कागद फिरवला.

बाईंनी तो वाचला. पेन हातात घेतलं नाही.

"तीन वाक्यं आहेत ती. खांदा मधल्यालाही हलला."

"मधलं कुठलं?"

"हुकूम होता, ते."

साहेबांचं पेन कागदावर टेकलं होतं, पुढे सरकत नव्हतं.

"हेच तुम्ही यादी ठरवणाऱ्या समितीपुढे सांगाल?" त्यांनी विचारलं. "तिथे मोठी माणसं असतात, बाई. हुकूम देणारीही."

"सांगेन. तिथेही सांगेन, आणि पुढे कुणी विचारलं तर तिथेही."

आवाज त्यांचा नेहमीसारखाच हलका होता. साहेब त्यांच्याकडे पाहत राहिले. आधी तोंडाकडे, मग खांद्याकडे.

टेबलाखाली बाईंचा पाय चालू होता.

साहेबांनी कागद परत आपल्याकडे ओढला आणि मधलं वाक्य लिहायला घेतलं.