खराट्याच्या रेघा

आमच्या घरात हट्टी माणसं दोन. एक लेकीचे बाबा, दुसरी लेक. मधे मी, अडकित्त्यातली सुपारी.

तिचे बाबा गवंडी. लेक कॉलेजात, आणि उरलेला सगळा वेळ स्केटबोर्डवर. एका बंद गोदामामागच्या फरशीवर पोरापोरींचा घोळका खेळायचा. कामावरून येताना हे तिथल्या कट्ट्यावर टेकायचे, थापी-ओळंबा शेजारी ठेवून. ती पडली की ओरडायचे, "लागलं का गं?" तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "आई, बाबांना सांग ना, सगळे हसतात," अशी माझ्यामागे भुणभुण. गेल्या वर्षी मनगट मोडलं तेव्हा मात्र दवाखान्यात त्यांचाच हात धरून बसली होती.

मग पोरांनी नगरपालिकेचे उंबरे झिजवून स्केटपार्क मंजूर करून घेतला, आणि काँक्रीटचं काम नेमकं ह्यांच्याकडे आलं. लेकीने बजावलं, "बाबा, आरशासारखं हवं हं." ह्यांनी गुडघे सोलवटून घोटलं. असं काम कुणाच्या बंगल्यातही केलं नव्हतं. संध्याकाळी बाकीचे गेल्यावर हे एकटेच त्या उतारांकडे बघत राहिले. जन्मभर एकच शिकलेले, उतार गुळगुळीत ठेवला की माणूस घसरतो. आणि इथे तर आपलीच पोर येणार. काँक्रीट ओलं होतं तोवर ह्यांनी सगळ्या उतारांवर खराटा ओढला. बारीक, सरळ रेघा. घरी येऊन मला म्हणाले, "आता नाही पडायची." मीही निश्चिंत झाले. मला तरी काय कळत होतं!

पार्क उघडला त्याच दिवशी चाकं खडखडली, बोर्ड अडखळले, दोघंतिघं तोंडावर आपटली.

"रेघा कुणी मारल्या ह्या?" लेक कडाडली.

नव्या कट्ट्यावरून हे म्हणाले, "मी मारल्या. तू पडू नयेस म्हणून."

एवढ्यावर तरी गप्प बसावं! पण लेकीची जीभ कुणाची, माझीच. सगळ्यांसमोर म्हणाली, "कळत नाही तर हात कशाला लावलात?"

गवंड्याला हातावरून बोलू नये.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी घासायचं मशीन घेऊन एकट्याने सगळे उतार घासले. भुकटीने पांढरेफटक होऊन घरी यायचे. लेक तिथे पाण्याची बाटली घेऊन गेली, रडली, "बाबा, चुकलं माझं." हे म्हणाले, "नाही गं, तुझंच बरोबर होतं." तिथेच घात झाला. भांडले असते तर जेवायच्या आत मिटलं असतं. मान्य करून बसलेल्या माणसाची समजूत कशी काढायची?

आता पार्क खरंच आरशासारखा झालाय. बाहेरगावची पोरं येतात, कोण कौतुक करतात. हे मात्र कामावरून दुसऱ्या रस्त्याने घरी येतात.

"बाबा, या ना बघायला," ती म्हणते.

"मला काय कळतं त्यातलं," हे म्हणतात. रागाने नाही, अगदी साधेपणाने. वाईट त्याचंच वाटतं.

म्हणून कट्ट्यावर मी जाऊन बसते. परवा ती उंचावरून दाणकन आपटली. मी कट्ट्यावरून अर्धी उठले, पण ओरडले नाही. तिला आवडत नाही ना. ती उठली, कोपर चोळलं, आणि कट्ट्याकडे न बघताच मोठ्याने म्हणाली, "नाही लागलं, बाबा."