नातवाच्या भेटीचा धडा

विमानतळाच्या धड्यातला सुटाबुटातला प्रवासी मी कात्रीने कापला आणि त्या जागी शाळकरी मुलाचं चित्र चिकटवलं. थोरल्या बाई खांद्यावरून बघत होत्या. आम्हा शिकाऊ शिक्षिकांकडून त्या हेच करून घ्यायच्या: इथली भाषा शिकवणारा छापील धडा घ्यायचा आणि समोरच्या माणसाच्या अंगाला बसेल असा बेतायचा. रुग्णालयाच्या धोबीखान्यात चादरी धुणाऱ्या मावशींना विमानतळ घेऊन काय करायचं होतं? त्यांना नातवाशी बोलायचं होतं.

मावशी माझ्याच भाषेच्या. मुलाच्या मागोमाग या परक्या देशात आलेल्या. मुलगा वारला, सून इथलीच. ती आता दुसरं लग्न करून समुद्रापलीकडे निघाली होती आणि जाण्याआधी रविवारी नातवाला आजीकडे आणणार होती. त्या सहा वर्षांच्या पोराला आजीची भाषा येत नव्हती, आजीला त्याची. मुलगा होता तोवर तोच मधे बसून याचं तिला, तिचं याला सांगायचा.

मी धडा लिहिला. आजी मित्रांची नावं विचारते, उंची बघून कौतुक करते. नातवाची उत्तरं मात्र थोरल्या बाईंनी कोरी ठेवायला लावली.

"ती तू कशी लिहिणार? तुझी लेक तरी देते का मनासारखी उत्तरं?"

देत नाही. जेवलीस का विचारलं, तर माझी लेक मुंगीला दात असतात का ते विचारते, आणि हिने मुंगी तोंडात तर नाही ना घातली, या धास्तीने मी तिचं तोंड उघडून बघते.

पण मावशींना कोऱ्या ओळी बघवेनात. "भर गं त्या. रिकाम्या ओळीला मी काय उत्तर देऊ?" मी भरल्या.

आठवडाभर वर्गाआधी मी नातू व्हायचे आणि मावशी आजी. साबणाने सोललेली बोटं कागदावरून सरकत राहायची. वर्गातल्या ड्रायव्हरने चिडवलंच, नातवाला भेटताय की मुलाखतीला चाललाय. "मुलाखतच आहे रे बाबा," मावशी म्हणाल्या. "नापास झाले तर दुसरी नाही मिळायची."

सोमवारी त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. मी विचारायच्या आधीच सांगू लागल्या. पोरगा उंच झालाय, बापासारखाच एक खांदा पाडून चालतो. मित्राचं नाव सांगितलं त्याने. बाकी कागदाबाहेरचंच बोलला, पण निभावलं. मग त्याची आई फोनवर बोलत होती तेव्हा तो मावशींच्या गुडघ्याला येऊन टेकला आणि त्याने काहीतरी विचारलं. त्या म्हणाल्या, हळू बोल. त्याने हळू विचारलं. मग एकेक शब्द सुटा करून. शेवटी त्या नुसत्या हसल्या. तो थोडा वेळ थांबला आणि आईकडे निघून गेला.

"काय म्हणाला ते पाठ करून आणलंय," मावशी म्हणाल्या. "वाटेत कुणाशी बोलले नाही, विसरेन म्हणून."

त्यांनी ते वाक्य म्हटलं. त्याच्याच बारीक आवाजात, शब्दाशब्दामागे थांबत. एकही शब्द चुकला नव्हता.

मी त्याचा अर्थ सांगितला. "तो विचारत होता, बाबांनापण लहानपणी अंधाराची भीती वाटायची का?"

"वाटायची," मावशी लगेच म्हणाल्या, आपल्या भाषेत, जणू तो समोरच उभा होता. "फार वाटायची. दिवा मालवू द्यायचा नाही. झोप लागेपर्यंत मी बोट धरून बसायचे त्याचं."

मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं. विमान सकाळीच गेलं होतं. नवा नंबर तिकडे पोचल्यावर कळवते, असं सून म्हणाली होती. म्हणाली होती, एवढंच.

"हे इथल्या भाषेत कसं सांगायचं?"

मी लिहून दिलं. लहान वाक्यं, सोपे शब्द. दाराशी ड्रायव्हर आणि बाकीचे येऊन उभे राहिले होते. थोरल्या बाईंनी त्यांना हाताने तिथेच थांबवलं.

"आता तू विचार," मावशी म्हणाल्या.

मी नातू होऊन तेच विचारलं. त्या अडखळल्या. पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी कागद पालथा घातला, माझं बोट मुठीत घेतलं आणि सावकाश, सगळं नीट सांगितलं.