शेळीचं अर्धं तिकीट

व्हिडिओ ऐन रंगात आला होता आणि मोबाईलच्या पडद्याच्या वरच्या कडेनं मेसेज घसरत खाली आला : रामकिसनमामा गेले.

शिवप्रियाच्या हातातला चमचा कलंडला. खिचडी आरोहीच्या फ्रॉकवर सांडली. मेसेजच्या खाली तेच रामकिसनमामा कंडक्टरची टोपी घालून एसटीत चढलेल्या शेळीला विचारत होते, "ताई, तिकीट?"

गेले? हे काय, बोलतायत की!

तिनं व्हिडिओ थांबवून कॉलेजचा ग्रुप उघडला. खरं होतं. झोपेतच गेले. सोबत फोटो : दाढीचे पांढरे खुंट, खोल गेलेले गाल. हा कोण म्हातारा? तिच्या रामकिसनमामांच्या मिशा काळ्याभोर होत्या. माहेरी, माकणीच्या गणपतीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून ते नकला करत एकट्यानं अख्खी एसटी उभी करायचे, आणि पाचवीतली शिवप्रिया हसता हसता बारदानावरनं मातीत लोळायची. ते म्हातारे झाले कधी? कुणी बोललंसुद्धा नाही. आजवर गेली ती सगळी मोठ्यांची माणसं. हे तिचं स्वतःचं पहिलं माणूस. म्हणजे आता आपल्यांची पाळी सुरू? तिला एकदम वडिलांचा खोकला आठवला.

"काका! काका!" आरोही पडद्यावर थापट्या मारू लागली.

अंगणवाडीच्या ताई वजनकाट्याकडं बघून दर खेपेला मान हलवायच्या. व्हिडिओतले हे काका दिसल्याशिवाय हे लेकरू घास घेत नव्हतं. शिवप्रियाचं बोट पडद्यावर अधांतरी राहिलं.

विरजण मागायला आलेल्या शेजारच्या सारजाबाईलाही बातमी कळली होती. ती दारातूनच ओरडली, "अगं बया! गेलेल्या माणसाचं तोंड दावून लेकराला भरवतीस व्हय? सुतक हाय त्याचं!"

शिवप्रियानं सासूकडं पाहिलं. "आत्या, खरंच लावू नको का?"

शेंगा फोडत बसलेल्या शांतम्मांनी मानही वर केली नाही. "आमच्या लिंगायतांत सुतक धरत न्हाईत, सारजाबाई. माणूस शिवाकडं गेला, त्याचा इटाळ कसला? लाव गं तू."

तिनं व्हिडिओ लावला. शेळीनं तोंड वाकडं केलं. पण आरोहीनं आ केलाच नाही. ती पडद्याकडं बघतच नव्हती. आईच्या गालावरनं ओघळणाऱ्या पाण्याकडं ती टक लावून बघत होती, ओठ गच्च मिटून.

"खा गं राणी, काका बघ काका—"

"ती काका बघून खाती व्हय?" शांतम्मा म्हणाल्या. "रोज तू आधी हसतीस, मग ती तोंड उघडती. म्या बघते की हितनं. शिकलेली तू, अन् एवढं ध्यानात न्हाय आलं?"

हसायचं? आज? मोबाईलमधून मामा शेळीला समजावत होते, "उभ्यानं जाणार आसाल तर अर्धं. बसलात तर पुरं. अन् शिंगांचं लगेज येगळं!"

तिला पुढचा शब्दन्‌शब्द पाठ होता. तिनं दात आवळले. आधी उचकीसारखं काहीतरी आलं, मग नाकातून फुर्र झालं, आणि मेल्या माणसानं तिला हसवलंच. डोळे वाहत होते, पोट हलत होतं.

आरोहीनं आईकडं एकदा नीट पाहिलं आणि आ केला.

"पुढं, पुढं!" सारजाबाई विरजणाची वाटी तशीच धरून उंबऱ्यावर टेकली. "मग शेळी काय म्हणाली?"

शिवप्रिया घास भरवत राहिली.