बाबांचे मार्क

विठाबाईंनी ओले हात पदराला पुसले, नवऱ्याच्या मांडीवरचा मोबाइल उचलला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून त्यांचा खेळ खेळायला घेतला. धर्माजी खुर्चीत बसून रस्त्याने जाणारे टँकर बघत होते.

मोहोपाड्यातली उन्हाळ्याची दुपार तशीही जीव काढते. त्यात हे आणखी एक काम. भांडी, कपडे, धर्माजींच्या गोळ्या, आणि आता धर्माजींचा मेंदूही विठाबाईंनीच चालवायचा.

धर्माजी विसरायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, डोक्याला रोज काही काम द्या. म्हणून लेकीने, जागृतीने, मोबाइलमध्ये हा खेळ घालून दिला. पालथी पानं असतात. एकेक उलटून छत्रीशी छत्री, माशाशी मासा जुळवायचा. शेवटी मार्क पडतात आणि ते बदलापुरात जागृतीला तिच्या मोबाइलवर दिसतात. मार्क घसरले तर दोघांना बदलापूरला घेऊन येईन, असं तिने बजावलं होतं. पोरगी वाईट नव्हती, काळजीपोटीच बोलली. पण मागे तिच्याकडे राहिले तेव्हा धर्माजी एकसारख्या दारांसमोर आपलं घर शोधत उभे राहिले होते. शेजारणीने हाताला धरून आणलं तर लहान मुलासारखे रडले. इथे मोहोपाड्यात त्यांचे पाय आपसूक विहाराकडे वळतात. कंपनीतले जुने सोबती 'जयभीम, धर्माजी' म्हणून हाक मारतात आणि कधी ते भलतीकडे निघाले तर घरी आणून सोडतात. हे सगळं त्या मार्कांवर टांगलेलं होतं, म्हणून विठाबाई मार्कांना मनापासून घाबरत.

धर्माजींनी चार दिवस खेळून मोबाइल बाजूला सारला आणि विठाबाईंनी तो हाती घेतला. लबाडीच ती. पण खरं सांगायचं तर त्यांना गंमतही वाटली. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना मार्क देत होतं. "बाबा एकदम तल्लख झालेत गं!" असं जागृती फोनवर म्हणाली की त्या गालातल्या गालात हसत.

अलीकडे मात्र मार्क उतरायला लागले होते. आधी त्यांनी चष्म्याला दोष दिला, मग रेंजला.

आजही मासा सापडेना. आत्ताच तर उलटला होता. एक पान दाबलं, छत्री आली. दुसरं दाबलं, किल्ली. तिसरं दाबलं तर तीच मघाची छत्री.

"विठे," धर्माजी खुर्चीतूनच म्हणाले, "वरणात मीठ दोनदा पडलं हुतं गं."

"मग जेवताना बोलायचं नाय?"

"कालबी पडलं हुतं. तू दमतेस, म्हणून नाय बोललो."

विठाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. सकाळी चहा घेतला की नाही हे ज्या माणसाला सांगता येत नव्हतं, तो कालच्या मिठाचं बोलत होता. एरवी त्यांनी दोन शब्द सुनावले असते. आज त्यांना नुसती भीती वाटली.

तेवढ्यात हातातला मोबाइल वाजला. जागृतीचाच फोन होता.

"आई, बाबांचे मार्क फारच खाली आलेत. खरं सांग, त्यांचं विसरणं वाढलंय का?"

"त्यांचं हाय तसंच हाय."

"मग मार्क कसे घसरले?"

उकाडा आहे, झोप लागत नाही, रेंज जाते. सबबी ओठांवर तयार होत्या. पण त्या सांगणंही आता विठाबाईंच्या जिवावर आलं.

"आई, ऐकतेयस ना? मी डॉक्टरांकडे बाबांचा नंबर लावते. शनिवारी न्यायला येते."

बाहेरून जाणाऱ्या कुणालातरी धर्माजी हात करत होते. विठाबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"लाव," त्या म्हणाल्या. "पन जागृते, एकाचा नको. दोगांचा नंबर लाव."