लपवण्यापुरती ठेवलेली

मी झेनागा बोलतेय. मॉरिटानियाच्या दक्षिण भागात, वाळूच्या टेकड्यांत गुरं राखणाऱ्यांची भाषा. वय विचारू नका, मलाच आठवत नाही.

माझा सगळा थाट घशात आहे. बोलता बोलता मध्येच घसा क्षणभर बंद करायचा आणि मग सोडायचा. माझ्या बहिणींनी, म्हणजे इतर बर्बर भाषांनी, ही खोड कधीच टाकून दिली, मी मात्र हट्टानं जपली. त्या जिथं ल म्हणतात, तिथं माझी जीभ बहुतेकदा ज कडे वळते. त्यावरूनही त्या हसतात. हसोत बापड्या!

मग अरबीचा मान वाढला. माझ्या लोकांनी मला टाकलं नाही, पण घोडचूक केली. पोरांशी अरबीत बोलायचे, आणि पोरांपासून काही लपवायचं असलं की माझी आठवण व्हायची. अशानं पोरं मला शिकणार कशी, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

यहदीह आणि त्याची बायको ख्वैदिजा, दोघंही त्यातलेच. परवा दुपारी तंबूत त्यांची मुलगी तुतू चहा ओतत होती. आमच्याकडे तिसरा पेला झाल्याशिवाय कोणी उठत नाही. दोन पेले होईतो दोघांनी तिच्या देखत, माझ्यात, तिचं लग्न ठरवत आणलं. मुलगा राजधानीतला दुकानदार. संध्याकाळी त्याचे काका होकार न्यायला येणार होते.

तुतूनं तिसरा पेला बापापुढे ठेवला आणि माझ्यातच म्हणाली, "बाबा, नाही म्हणून सांगा. मला रोस्सो शहरात जाऊन सुईणीचं शिकायचंय."

ख्वैदिजा बघतच राहिली. "तुला कधीपासून कळतंय गं हे?"

"तुम्ही लपवायला लागलात तेव्हापासून."

यहदीहनं उचललेला पेला पुन्हा खाली ठेवला. इतक्या वर्षांत पोरीसमोर काय काय बोललो, ते आठवत बसला असावा. मला तर आनंदानं काही सुचेना. घसा बंद करायचा तिथं ती सरळ पुढे गेली होती, पण बोलली होती!

शेवटी यहदीह म्हणाला, "असं नाही. मध्ये घशात थांब जरा. पुन्हा म्हण."

तिनं म्हटलं. चौथ्या खेपेला जमलं.

"हां. मुलाचे काका आले की अस्संच म्हण. मी बाजूला बसतो."

तिनं म्हटलं. संध्याकाळी काका रागावून गेले, पण गेले.

ख्वैदिजाला आता चिंता पडलीय, गुपितं बोलायची कशात? माझी तब्येत तशी यथातथाच, बोलणारे मोजके. पण परवा त्यांत एक वाढली. म्हणून एवढंच मागते: गुपितं खुशाल अरबीत बोला. मला मात्र पोरांशी बोला.