कडेचा तुकडा

पावाच्या कडा कापता कापता पल्लवीने एक कड सरळ तोंडात टाकली. एस्तेरची सुरी थांबली.

"प्रभुभोजनाचा पाव आहे तो."

"कडाच तर आहेत, ताई. चिमण्यांनाच घालणार ना?" म्हणत पल्लवीने दुसरी उचलली.

दोघी जावा. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चच्या उपासनेआधी, तिथे सगळ्यांत वाटायच्या पावाचे चौकोनी तुकडे करायचं काम कित्येक वर्षं एकट्या एस्तेरचं होतं, आणि तिच्या हातचा एकही तुकडा कधी वाकडा निघाला नव्हता. आता सासूबाईंनी धाकटीला मदतीला दिलं होतं. धाकटी म्हणजे नवऱ्याला टाकून परक्या माणसाबरोबर मनमाडला गेलेली आणि एक बॅग घेऊन नाशकात परतलेली. दिराने तिला मुकाट्याने घरात घेतलं. सासूबाईंनी तर त्या दिवशी मटण शिजवलं. एवढ्या संसारात एस्तेरला कुणी अंड्याची पोळीसुद्धा करून घातली नव्हती.

एस्तेर जळायची. पल्लवीने केलं त्यावर नव्हे, तिच्या निर्धास्तपणावर. ही बाई देवाच्या घरात माहेरी आल्यासारखी बसते, आणि आपण जन्मभर दारात पाय पुसत उभ्या.

मनात कुणाबद्दल अढी ठेवून प्रभूची भाकर खाल्ली तर शिक्षा ओढवते, ही धास्ती तिला लहानपणापासूनची. म्हणून पल्लवी परतल्यापासून ती तुकडा न घेताच ताट पुढे सरकवत असे. स्वतः कापलेला पाव तिने ईस्टरपासून चाखला नव्हता. हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, असं तिला वाटे.

या रविवारीही उपासनेत ताट बाकावरून फिरत आलं. पल्लवीने आपला तुकडा घेतला आणि ताट शेजारी एस्तेरपुढे धरलं. एस्तेर ते पुढे द्यायला गेली, तर पल्लवी सोडेना.

"दे इकडे," एस्तेर कुजबुजली. "माझ्या मनात तुझ्याविषयी फार वाईट आहे."

"माहीत आहे मला," पल्लवी म्हणाली. "घ्या, ताई."

एस्तेरने ताट पुन्हा ओढून पाहिलं. ताट हललं नाही. त्यातल्या एका तुकड्याला कड तशीच राहिली होती. तो पल्लवीच्या हातचा, हे उघड होतं. एस्तेरने तोच उचलला.

कड चिवट होती. ताट शेवटच्या बाकापर्यंत पोचलं, तरी ती चावतच होती.